जांभूळकट्टीचं वळण

११ सप्टें. ३८, रवि.

काल ड्रॉइंगच्या तासाला फर्नांडिस सर परत तेच. "वसंत, मॉडेल चांगलं आहे रे बाबा, पण एवढं काळं कशाला?" मी म्हटलो, सर, आगगाडी काळीच असते. "मग एक्झिबिशनला लोकांनी काय बघायचं? कोळशाची वखार?" सगळा क्लास दात काढून हसला. वर्गातल्या खोतानं विलायती गाडी आणलीय, किल्लीची, लाल भडक. गोल गोल फिरते. कुठनं आली, कुठं चालली, कायच न्हाय.

माझी कुठनं कुठं जाते ते पक्कं हाय. बेळगाव सोडून लोंढ्याकडं, खानापूरच्या पुढं, जांभूळकट्टी स्टेशनच्या आधीचं वळण. तेवढाच तुकडा, चहाच्या खोक्याच्या फळ्यांवर, खाटेखाली. आप्पा ड्रायव्हर, त्यांच्या मालगाडीतनं एकदा तिथनं गेलतो, तवापासनं डोक्यातनं जात न्हाय. एका अंगाला तांबड्या मातीची दरड, दुसऱ्या अंगाला जांभळीची झाडं, धुरानं पानं काळी पडलेली. पाण्याच्या टाकीखाली सदा चिखल. असलं सगळं पायजे. नंतर दोरी घेऊन मापं घ्यायला गेलतो, माती तिथलीच आणलोय, रुमालात बांधून.

काळा रंग विकतचा न्हाय. आई आप्पांचे ड्युटीचे कपडे धुते, त्या बादलीच्या तळाला गाळ बसतो, तो. वाळवून खळीत कालवलो की असला रंग कुठल्या दुकानात मिळत न्हाय.

१४ सप्टें.

आप्पांनी आज इंजिन हातात घेतलं. लपवायला गेलो, तवर बघितले.

"हे माझं?"

मागच्या कोळशाच्या टेंडरवर नंबरच घातलोय, न्हाय कसं म्हणनार. आप्पांनी उलटं केलं, सुलटं केलं. सिलिंडरखालचे पांढरे ओघळ बघितले, चिमणीखालचा गंज बघितला.

"माझं इंजिन असलं घाण असतंय व्हय रं?"

आई आतनं, "असतंय की. कपडे मी धुते."

मी हसलो, तिथंच चुकलं. आप्पा लई चिडले. ते ड्युटीवर चढायच्या आधी पितळ स्वतः पुसतात, फायरमनला हात लावू देत न्हाईत. इंजिनाला 'ती' म्हणतात, घरातल्या माणसासारखं. "कुणाच्या घरी जेवाय गेलास आणि त्यांची पोरगी शेंबडी दिसली, तर तसंच चित्र काढून भिंतीला लावशील काय?"

"जसं हाय तसं करालोय, आप्पा."

"जसं हाय तसं कुणाला बघायचं असतंय?"

इंजिन त्यांच्या हातनं घेऊन फळीवर ठेवलो. 

२५ सप्टें., रवि.

वडगावला आक्काकडं गेलतो. दाजींच्या मागाची मोडकी फणी मागून आणलो. तिच्या बांबूच्या काड्या म्हंजे रुळाखालचे स्लीपर, जसे काय त्याच्यासाठीच केलेत. आक्का म्हणाली, "माग मोडून रूळ टाकालास व्हय? उद्या लुगडी इंजिनावर वीण." दाजी हसले, धोटा थांबवला न्हाय. आणखी एक फणी देतो म्हणाले, ती मोडली की.

संध्याकाळी सिग्नल झाला. टिनाचा हात, दोऱ्यानं वर-खाली होतो. आडवा म्हंजे थांब, पडला म्हंजे ये. ह्या वळणाची गंमत अशी की ते फायरमनच्या अंगाला वळतंय, त्यामुळं ड्रायव्हरला नुसता बॉयलर दिसतो. फायरमन डोकं बाहेर काढून बघतो, ओरडून सांगतो, आणि ड्रायव्हर त्याच्या शब्दावर गाडी सोडतो. आप्पांचा फायरमन परशुरामकाका. सगळे परश्या म्हणतात, मी काका. दोघं इतकी वर्षं एका इंजिनावर हायत की काका ओरडायच्या आधी आप्पांना कळतंय म्हणे.

२ ऑक्टो., रवि. खंडेनवमी.

इंजिनाच्या शेडात पूजेला गेलतो. इंजिन ओळखू येईना! धुऊन, तेल लावून, पुसून. वर्षभराची काळी साय एका दिवसात गेली. मला रडू यायचं बाकी. आप्पा मात्र नवरीच्या बापासारखे फिरत होते.

पुढं हळदकुंकवाची बोटं, शेवंतीच्या माळा, दोन्ही अंगाला उंच केळी, पानांसकट, बांधलेल्या. परशुरामकाकांनी आपल्या बाजूची स्वतः बांधली, केळीच्याच सालीच्या, सोपटाच्या, गाठी मारून. "तुझ्या इंजिनाला बांधली न्हाईस केळ?" मी म्हटलो, माझं इंजिन कामावर हाय, सुट्टीवर न्हाय. कोहळा फोडला, कुंकू रुळावर सांडलं. चुरमुरे, खोबरं.

निघताना काकांनी विचारलं, "सकाळी लवकर निघायचंय, केळी आत्ताच उतरू काय?" साहेबाचा हुकूम हाय, चालत्या इंजिनाला कायबी बांधायचं न्हाय म्हणून. आप्पा म्हणाले, "ऱ्हाऊ दे रं. दसऱ्याला सजून जाऊ दे तिला."

३ ऑक्टो. दसरा.

जांभूळकट्टीला गाडी धडकली. आप्पांची.

स्टेशनात लाकडाचे वॅगन उभे होते, त्यांच्यावर. आप्पा जिवंत हायत, काका पण. तिथला सिग्नलचे दांडे ओढणारा पॉइंट्समन मधे सापडला, त्याचा पाय...

आप्पा दुपारी आले. हाताला भाजलंय.  आपट्याची पानं फळीवर तशीच पडलीत. आई सोनं द्यायला कुणाकडं गेली न्हाय, आमच्याकडं कोण आलं न्हाय.

५ ऑक्टो.

आप्पा सस्पेंड. लोंढ्याला चौकशी होणार, दिवाळीनंतर.

काकांनी लिहून दिलंय की सिग्नल पडलेला होता, म्हणून 'लाइन', म्हंजे वाट मोकळी, असं ओरडलो. आप्पांनी लिहून दिलंय की फायरमननं सांगितलं, म्हणून सोडलो. स्टेशनवाल्यांनी लिहून दिलंय की हात आडवाच होता.

आता कोण तरी एक खोटं. आप्पांच्यावर आलं तर नोकरी जाणार, त्याच्याबरोबर हे क्वार्टर, आणि माझी शाळा. आईनं एवढंच विचारलं, "परश्या भावजी चुकत न्हाईत न्हवं?" आप्पा म्हणाले, "परश्याचे डोळे माझेच डोळे हायत." मग भिंतीकडं तोंड करून झोपले. दिवसा झोपलेले आप्पा मी कधी बघितलो न्हवतो.

८ ऑक्टो., शनि.

शाळेत सगळ्यांना कळलंय. खोत म्हणाला, "तुझ्या मॉडेलवर आता ॲक्सिडेंट पण दाखव की." धरलो त्याला. कॉलर फाटली, त्याची आणि माझी.

फर्नांडिस सरांनी शिक्षा केली न्हाय. खोलीत नेले, बसवले, पाणी दिले. मी सगळं सांगितलो. सरांनी माझी कॉलर सरळ केली. मग म्हणाले, "हे तू केलेलं वळण, खरंच तसंच आहे?" मी म्हटलो, दगड न दगड. "मग त्यालाच विचार ना. इंजिनातनं काय दिसतं ते."

हे मला का सुचलं न्हाय!

९ ऑक्टो., रवि.

सकाळपासनं बसलोय. फुटक्या आरशाचा नखाएवढा तुकडा इंजिनात फायरमनच्या जागी तिरका बसवलो. वरनं आत बघितलं की काकांच्या डोळ्याला जे दिसेल ते दिसतं. दरड, झाडं, रूळ, आणि सिग्नल.

माझा अंदाज धुराचा होता. सकाळी दरडीत धूर कोंडतो, त्यात हात दिसला नसणार. उदबत्त्या लावून धूर केलो. आई खोकत आली, म्हणाली, देव झाला काय इंजिन. चिमणीचा धूर, झाडांचा काळेपणा, सिग्नलच्या हातावर काजळी, सगळं केलो. जरा जास्तच काळं केलो, खरं सांगायचं तर.

तरी दिसतो.

इंजिन मागं घेतलो, पुढं घेतलो. वळण सुरू झाल्यापासनं तो आडवा हात आरशात स्पष्ट दिसतो. माझं वळण सांगतंय, काकांनी बघितला न्हाय, न्हायतर खोटं बोलले.

हे घरात सांगितलो न्हाय. आप्पांनी विचारलं, "काय करालास तिथं खाली?" म्हटलो, रंग देतोय.

१२ ऑक्टो.

परशुरामकाका आलते. आप्पांच्यासमोर बसले, तंबाखू मळत, मळलेली तोंडात टाकली न्हाय. "अण्णा, मी खोटं बोललो न्हाय. खांब बघितलो. आडवा हात कुठंच न्हवता. म्हटलो, पडलाय."

आप्पा म्हणाले, "मी तुला विचारलो काय?"

"तुम्ही विचारत न्हाईसा, तेच जास्त लागतंय."

 आईनं चहा ठेवला, निवून गेला.

काका खरं बोलालेत हे त्यांच्या तोंडावरनं कळतंय. मग माझं वळण चुकतंय. कुठं चुकतंय? परत दोरी घेऊन जांभूळकट्टीला जाऊ काय?

१६ ऑक्टो., रवि.

सापडलं.

माझं वळण बरोबर हाय. इंजिन चुकलंय.

दसऱ्याला आमच्या दाराला दोन केळी बांधल्यात, वाळल्या तरी कुणी काढल्या न्हाईत, घरात कुणाला काढायचं सुचत न्हाय. दारात बसून आरसा पुसत होतो. आक्का येणार होती म्हणून वाट बघत होतो. ती एकदम उंबऱ्यापाशीच दिसली. "बघून न बघितल्यासारखं करालास व्हय रं?" म्हटलो, तू दिसलीसच न्हाईस. ती सरळ समोरच्या वाटेनं आलती. केळीच्या पानाआडनं.

आक्का आत गेली, मी तिथंच.

त्या दिवशी इंजिन काळं कुठं होतं? धुतलेलं होतं, सजलेलं होतं! मी सहा महिने जे काळं करालोय ते सगळं इतर दिवसांचं. त्या एका सकाळचं इंजिन मी बघितलो होतो, हात लावलो होतो, आणि तरी वळणावर चढवलो ते रोजचं. कारण मला ते सजलेलं आवडलंच न्हवतं.

दारातल्या केळीचं पान कातरून छोटी केळ केलो. पुढं, काकांच्या बाजूला, दोऱ्यानं बांधलो. गाडी जोरात असताना पान मागं वाकणार, तसं वाकवलो. आरशात बघितलो.

खांब दिसतो. हात न्हाय.



१७ ऑक्टो.

आप्पांना खाली बसवलो, म्हटलो, डोळा लावा. गुडघ्यावर बसले, बघितले. मी केळ काढलो, परत बघा म्हटलो. परत लावलो.

आप्पा उठले न्हाईत. 

"कुणाला दाखवलास?"

"कुणाला न्हाय."

"दाखवू नको."

मग सगळं बाहेर आलं. धडकल्यावर मदतीच्या गाडीनं शेडातली माणसं आलती, त्यांनी पहिल्यांदा केळी-माळा कापून नाल्यात टाकल्या. साहेब यायच्या आत. आप्पांनी बघितलं, बोलले न्हाईत. हुकूम मोडून केळी ठेवल्या हे कळलं असतं तर पुढच्या वर्षीपासनं शेडात पूजाच बंद. आणि बांधणारा परश्या, तो पहिला जाणार.

मी म्हटलो, आप्पा, पण तुम्ही सुटाल. दिसलंच न्हाय म्हटल्यावर...

"मी सुटनार? ठेवा म्हणून कोण बोललं? तू तिथंच होतास न्हवं?"

होतो.

"तिच्या पूजेवर बोट ठेवून मला सुटायचं न्हाय. गाठ परश्यानं मारली, ठेवायला मी सांगितलो. हे दोघांचं मिळून हाय. तो बोलला तर मी बोलनार. तू मधे पडू नको."

१९ ऑक्टो.

आज सिव्हिल हॉस्पिटलात गेलतो. कुणाला सांगितलो न्हाय. तो पॉइंट्समन, बसाप्पा, तिथं हाय. पाय गुडघ्याखाली काढलाय.

फळं घेऊन गेलो. शाळेचा गणवेश बघून त्याला वाटलं मिशनचा कोण. मी खरं सांगितलो, कुणाचा पोरगा ते. वाटलं आता शिव्या घालेल. घातल्या न्हाईत. "तम्मा, नी ऊट माडी?" जेवलास काय विचारला. मग आपणच बोलला, मराठी मोडकं. "हात आडवा होता. मी ओढलोच न्हाय तो दांडा. देवाशप्पथ. तुझ्या बापाला सांग."

त्याची बायको कोपऱ्यात. तिनं माझ्याकडं बघितलं न्हाय.

सायकल ढकलत आलो. बसून चालवायला जमेना. काका खरं बोलले तरी खोटं हाय, सिग्नल पडला होता म्हंजे दांडा बसाप्पानं ओढला, आणि त्या खोट्यावर तो जाणार. आधीच पाय गेलाय. ह्यो आप्पांच्या हिशोबात कुठंच न्हाय. का हाय, म्हणून भिंतीकडं तोंड करून झोपतात?

२० ऑक्टो.

आप्पांना सांगितलो, हॉस्पिटलात गेलतो. वाटलं मारतील. मारले असते तर बरं.

"पाय कुठनं गेलाय?" एवढंच. मी गुडघ्याखाली दाखवलो. आप्पा माझ्या पायाकडं बघत राहिले.

फर्नांडिस सरांना वळणाचं सांगितलो, केळीचं न्हाय. सरांनी इंग्लिशमधे अर्ज लिहून दिला, ड्रायव्हरला जागेचं मॉडेल दाखवायची परवानगी मिळावी म्हणून. आप्पांनी सही केली. का केली कळलं न्हाय, विचारलो न्हाय.

२३ ऑक्टो., रवि. दिवाळी.

परवानगी आली. चौकशी शुक्रवारी.

सकाळी शेडातले दोघं फराळाचं निमित्त करून आले. फिटर लोक. खाटेखाली वाकून बघितले, वा वा केले. एक जण इंजिनाला बोट लावून म्हणाला, "काय हुबेहूब केलायस रं वश्या! असंच ने. ह्याच्यावर आणखी कायबाय लावू नको. नजर लागते." दुसरा हसला. आप्पा हसले न्हाईत. "चहा घ्या," म्हणाले.

गेल्यावर चकलीचं ताट तसंच. आई म्हणाली, "ही माणसं कधी आपल्या घरी आलती काय दिवाळीला?"

दुपारी परशुरामकाका. एकटे. माझ्याकडंच आलते. "आरशातनं काय दिसतंय म्हणे तुझ्या, बघू." कुणी सांगितलं कुणास ठाऊक.

आप्पा बाहेर होते. मधे पडू नको म्हणालते. पण काकांनी विचारलं होतं, मी न्हाय.

केळ लावलो. काका वाकले. त्यांचे डोळे अधू झालेत काय, असं दसऱ्यापासनं त्यांनाच वाटत होतं म्हणे. रोज सकाळी दारात उभं राहून लांबची झाडं मोजायचे. आरशातनं डोकं वर काढलं तवा पहिल्यांदा तोंडावर सुटल्यासारखं दिसलं. "म्हंजे माझे डोळे..." एवढंच बोलले. मग ती बांधलेली गाठ बघितली. माझी गाठ, त्यांच्यासारखी न्हाय, साधी. आणि ते सुटल्यासारखं दिसलेलं गेलं.

उठून गेले. काकूंनी दिलेला लाडवाचा डबा विसरले, का ठेवून गेले.

२६ ऑक्टो., बुध.

बाहेरनं आलो तर खाट बाजूला सरकवलेली. आप्पा फळीसमोर मांडी घालून. हातात माझं इंजिन, रॉकेलचं फडकं. पुसालेत.

"आप्पा!!"

थांबले न्हाईत. ओघळ गेले, गंज गेला, चिमणीची काजळी गेली. सहा महिने. फडकं काळं, इंजिन... दुकानातल्यासारखं. मी ओरडलो, काय काय बोललो, लिहायला नको. आई आली, बघितली, परत गेली.

"त्या दिवशी स्वच्छ होती ती," आप्पा म्हणाले. "मी स्वतः पुसलो होतो. साहेबाच्या पुढं खोटं कशाला न्यायचं?"

"आणि केळ?"

"केळीचं मी सांगितलोय तुला."

मग देवापुढची कुंकवाची पुडी आणून पुढं बोटं उमटवले. बारीक, काडीनं. हळदीची पण. केळ सोडून सगळं. शेवटी ते मलाच विचारले, "बरोबर झालंय काय रं?"

मी रडलो त्या इंजिनासाठी. आणि ते बरोबर झालं होतं. असं दोन्ही एकदम कसं होतंय?

२७ ऑक्टो.

उद्या. आईनं आप्पांचा कोट काढून ठेवलाय. क्वार्टरच्या भिंतीवरचे देवांचे फोटो पण काढून, पुसून, एकावर एक ठेवलेत. साफ केले म्हणते. परत लावले न्हाईत.

छोटी केळ वाळली होती. नवीन केली न्हाय. आप्पांनी न्हाय म्हटलंय. इंजिनाच्या पुढं दोरा बांधायची जागा मात्र मोकळी ठेवलोय, तेवढंच माझ्या हातात.

२८ ऑक्टो., शुक्र.

लोंढा. वळण खोक्यात घालून गार्डच्या ब्रेकव्हॅनमधनं नेलो. जांभूळकट्टीच्या वळणावर आप्पा उठून उभे राहिले, हात दाराला. सिग्नल आडवा होता, गाडी थांबली. शिट्टी मारत थांबली. कुणी कुणाकडं बघितलं न्हाय.

चौकशीची खोली म्हंजे वेटिंग रूम, टेबलं जोडलेली. वळण आत ठेवायला मला घेतले, मग बाहेर काढले. साहेब गोरा, वयस्क, चष्मा. इंजिनाकडं बघून म्हणाला, "व्हेरी क्लीन." 

बाहेर बाकावर आप्पा, परशुरामकाका, मी. शेडातले ते दोघं पलीकडं, नळापाशी. स्टेशन मास्तर आत जाऊन आले. बसाप्पाची जबानी हॉस्पिटलातनं लिहून आणलेली, ती आत वाचत होते, दारातनं ऐकू येत होतं. हात आडवा होता, मी दांडा ओढला न्हाय, परत परत तेच.

काका टोपी काढून बाकावर ठेवले. डोकं खाजवले. आप्पांना म्हणाले, "अण्णा, बसाप्पाला पोरं हायत काय?"

"मला ठाऊक न्हाय."

"माझ्या गाठी पक्क्या असतात. धडकलो तरी सुटल्या न्हवत्या. त्या लोकांनी कोयत्यानं कापल्या." जरा हसल्यासारखं केले. "तुम्हीच म्हणायचासा, परश्याची गाठ म्हंजे..."

शिपाई बाहेर आला. "परशुराम, फायरमन."

काका उठले. टोपी बाकावरच राहिली. हाक मारनार होतो, आप्पांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

दार लागलं. बाजूची खिडकी अर्धी उघडी होती. मी उठून भिंतीला टेकून उभा राहिलो, पाय अवघडला असं दाखवत. साहेब काय विचारालाय ते कारकून मराठीत सांगत होता. सिग्नल बघितलास? बघितलो. हात? कारकून परत विचारला. नळापाशी त्या दोघांतला एक खोकला, मोठ्यानं, मुद्दाम.

मग खुर्ची सरकल्याचा आवाज. काका टेबलापाशी आले. गुडघे टेकले, वळणासमोर. साहेबाकडं बघितले, आणि इंजिनाच्या पुढं, आपल्या बाजूला, स्वतःचा हात उभा धरले. तळवा सरळ, बोटं जरा मागं वाकवलेली. वारा लागल्यासारखी. दुसऱ्या हातानं साहेबाला आरसा दाखवले, इथनं बघा म्हणून.

साहेबानं चष्मा काढला. वाकला. 

मी बाकावर आलो. आप्पा म्हणाले, "काय करालाय परश्या?"

सांगितलो.

 आप्पा बाकावरची काकांची टोपी उचलले, उलटी करून आतली धूळ फुंकले, आणि मांडीवर घेऊन बसले. दाराकडं बघत. काका बोलले होते, आता आप्पांना हाक येणार होती.